"सीई आहे ना मॅडम!" : टूरिंग जॅकेट घेतानाचा माझा अनुभव

टेक्स्टाइलचं टूरिंग जॅकेट घ्यायचं हे ठरवायला मला वेळ लागला नाही, पैसे द्यायलाही फार लागला नाही, पण मधे सीई या युरोपच्या सुरक्षेच्या शिक्क्याच्या एका लेबलने जो जीव खाल्लाय त्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून हे लिहून टाकतेय. कुणी सध्या जॅकेट शोधत असेल तर निदान त्याच्या चकरा वाचतील. लिहिताना जे आठवेल ते मधेच टाकणार आहे, क्रम शोधू नका.

राहते मुलुंडला, बाईक हिमालयन. आठवडाभर ती पार्किंगमध्ये धूळ खात असते कारण ऑफिसला मी लोकलनेच जाते, आणि सुट्टीला मग कसारा, माळशेज, कधी अलिबाग, कधी नाशिकला मावशीकडे. मुंबईच्या बाईकवाल्याच्या नशिबात चांगला रस्ता नाहीच हो, सी लिंकवर बंदी, कोस्टल रोडवर बंदी, अटल सेतूवर बंदी, पुण्याला निघालं तर एक्सप्रेसवेवर बंदी. रोड टॅक्स मात्र आम्हीही भरायचा आणि जुन्या हायवेने कंटेनरच्या मागे धूर खात जायचं. असो. सांगायचं हे की आपलं रायडिंग म्हणजे ट्रॅकवरचं दीडशे-दोनशे नाही. साठ-सत्तर-ऐंशीला चाललेलो असतो आणि पुढे वळणावर खडी, नाहीतर सांडलेलं डिझेल, नाहीतर इंडिकेटर न देता वळणारा टेम्पो. पडलो तर घसरणार, आणि घसरताना आधी टेकणार खांदा आणि कोपर.

लेदरचा विचार आला तसा गेला. आपल्या हवेत, सिग्नलला उभं राहून, मे महिन्यात लेदर? आणि जूनपासून पुढे तर त्याला बुरशी. संपला विषय. टेक्स्टाइलमध्ये पूर्ण मेश, म्हणजे हवा खेळणारं जाळीदार कापड, की बंद कापडाचं यावर घरात थोडी चर्चा झाली, मी ठरवलं की छाती-पाठीला मेश आणि खांद्याला-कोपराला जाड बंद कापड असलेलं घ्यायचं. हे सगळं एका संध्याकाळी झालं. बजेट ठरलं. मला वाटलं आता शनिवारी जायचं, घालून बघायचं, घ्यायचं.

तर गेलो. दुकानाचं नाव घेत नाही, मोठं आहे, एसी आहे, काचेत हेल्मेटं मांडलीत. नवरा सोबत होता. त्याला गिअरची गाडी येत नाही, तो फक्त नंतर वडापाव खायला मिळेल म्हणून आला होता. सेल्समन माझ्याकडे न बघता त्याला म्हणतो, "सर, मॅडमसाठी हे लेडीजवालं बघा, पिंक पायपिंग आहे." नवरा म्हणाला, "मला काय विचारताय, चालवते ती." तरी पुढची दहा मिनिटं मी प्रश्न विचारतेय आणि उत्तरं नवऱ्याला मिळतायत.

मी विचारलं, या जॅकेटचा क्लास कुठला? ए, डबल ए, काय आहे?

"सीई सर्टिफाइड आहे ना मॅडम."

हो, पण जॅकेट की आर्मर?

"फुल सीई आहे मॅडम. लेव्हल टू."

इथेच माझी गाडी जी अडकली ती अडकलीच. लेव्हल वन, लेव्हल टू ही भाषा आर्मरची. म्हणजे खांद्यात-कोपरात जे काढता येणारे पॅड असतात त्यांची. जॅकेटची भाषा वेगळी, तिथे लेव्हल नसते, अक्षरं असतात. मी जॅकेटची आतली सगळी शिवण चाचपली, कॉलरच्या मागे बघितलं, आतल्या खिशात बघितलं, कमरेजवळ बघितलं. धुण्याच्या सूचनांची पट्टी होती, साइजची पट्टी होती, बाकी काही नाही. तर या पठ्ठ्याने बाहीची आतली चेन उघडली, कोपराचा पॅड बाहेर ओढला आणि त्यावरचा उठावाचा शिक्का माझ्या नाकासमोर धरला. "हे बघा. सीई." कुकरच्या शिट्टीवर शिक्का आहे म्हणून अख्खा कुकर पास झाला असं सांगण्यातला हा प्रकार. मी म्हटलं अहो हा पॅडचा आहे, जॅकेटचा दाखवा. तो म्हणाला, "मॅडम, सगळे हेच घेतात."

ज्यांना हा घोळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण दुकानात कुणी सांगणार नाही. आपल्याकडे हेल्मेटला आयएसआय मार्क सक्तीचा आहे, जॅकेटला तसं काही सक्तीचं नाही, म्हणून सगळे युरोपचा शिक्का दाखवतात. युरोपात पीपीईचा, म्हणजे अंगावर घालायच्या संरक्षक साधनांचा, २०१६ चा कायदा एप्रिल २०१८ पासून लागू झाला आणि बाईकचे संरक्षक कपडे त्याच्यात येतात. कपड्यांसाठीचं युरोपचं स्टँडर्ड म्हणजे ईएन १७०९२, ते २०२० मध्ये आलं. त्यात ट्रिपल ए, डबल ए, ए, बी आणि सी असे क्लास. ट्रिपल ए सगळ्यात वरचा, तो जास्त करून रेसिंगच्या लेदर सुटात दिसतो. डबल ए म्हणजे टूरिंगवाल्यांसाठी बरा मध्य. ए म्हणजे हलकं, शहरातलं, गरम हवेतलं, बरीच मेश जॅकेटं इथे येतात. बी म्हणजे घासण्याच्या बाबतीत ए सारखंच पण पॅड नसलेलं, आणि सी म्हणजे फक्त पॅड धरून ठेवणारी जाळी, जी दुसऱ्या कपड्याच्या आत घालायची, घसरण्यापासून तिचा उपयोग नाही.

आर्मरचं स्टँडर्ड वेगळं. खांदा-कोपर-गुडघ्याला ईएन १६२१-१, पाठीला ईएन १६२१-२. पॅडवर ठरावीक जोराचा घाव घालतात आणि पलीकडे किती जोर पोचला ते मोजतात. खांदा-कोपराला लेव्हल वनमध्ये सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत (हे जोर मोजायचं माप) चालतं, लेव्हल टूमध्ये २० पर्यंतच. पाठीला नियम कडक, लेव्हल वन १८ आणि लेव्हल टू ९. आकडा जितका कमी तितकं चांगलं. म्हणजे पॅड सांगतो आपटल्यावर काय होईल. घसरल्यावर कापड टिकेल का, शिवण उसवेल का, बाही फाटून तो लेव्हल टूचा पॅड रस्त्यावर एकटाच पुढे निघून जाईल का, हे त्या पॅडवरच्या शिक्क्याला काय माहीत? ते जॅकेटच्या क्लासमध्ये येतं. तिथे कापडाचे तुकडे एका फिरत्या मशीनला लावून काँक्रीटवर सोडतात आणि थांबेपर्यंत भोक पडतं का बघतात. खांदा-कोपरासारख्या सगळ्यात धोक्याच्या भागाला ए क्लाससाठी ते मशीन साधारण ताशी ४५ किलोमीटरच्या वेगाला फिरवतात, डबल ए ला ७० आणि ट्रिपल ए ला १२०. याचा अर्थ डबल ए घालून ७० ला पडलं तर काही होत नाही असा काढू नका, खऱ्या रस्त्यावर दुभाजक असतो, दगड असतात, मागून येणारी गाडी असते. पण ए आणि डबल ए मध्ये फरक किती आहे ते यातून कळतं. शिवणीची ताकद आणि कापड फाटण्याची टेस्ट वेगळी होते.

हे सगळं मी त्याला सांगितलं नाही, उगाच कशाला. मी एवढंच म्हटलं की लेबल दाखवा नाहीतर कंपनीकडून लिहून आणा. तो मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजरने पण कोपराचा पॅड काढला!

घरी येऊन कंपनीला मेल टाकला. साधा प्रश्न, अमुक मॉडेलचा ईएन १७०९२ प्रमाणे क्लास काय, आणि डिक्लरेशन ऑफ कन्फर्मिटी कुठे बघायला मिळेल. हे डिक्लरेशन म्हणजे माल नियमांत बसतो असं कंपनीने लिहून दिलेला कागद, काही गुप्त नाही, युरोपच्या नियमात ते मालासोबत द्यावं लागतं किंवा कुठे मिळेल त्याचा पत्ता सूचनापत्रकात छापावा लागतो. उत्तर आलं, डिअर कस्टमर, आमचं जॅकेट सीई लेव्हल टू आर्मरने सुसज्ज आहे. मी पुन्हा लिहिलं, आर्मर नको, जॅकेट. उत्तर आलं, डिअर कस्टमर, आमची जॅकेटं लडाखमध्ये टेस्ट केलेली आहेत. बरं. पुन्हा लिहिलं. मग एक पीडीएफ आली, मी आनंदाने उघडली, तर पॅड बनवणाऱ्या कुठल्या तरी तिसऱ्याच कंपनीचं सर्टिफिकेट, ईएन १६२१-१. म्हणजे कुकरची शिट्टीच परत, या वेळी कागदावर. मग काही दिवस नुसती शांतता. मग मेसेज, तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे, कृपया आम्हाला स्टार द्या. मी लोकलमध्ये उभी होते, मुलुंडचं तिकीट काउंटर समोर दिसत होतं, आणि एवढी चिडले की शेजारची बाई विचारायला लागली, काय झालं गं.

शेवटी फोन केला. आधीचे मेल गोड बोलून केले होते, फोन तसा नाही केला. दोन-तीन जणांकडे फिरवाफिरवी झाली आणि मग एक मुलगा आला लाइनवर, आवाजावरून अगदी नवीन वाटला, त्याने शांतपणे सांगितलं, "मॅडम, या मॉडेलचं जॅकेट म्हणून सर्टिफिकेशन केलेलं नाहीये. फक्त आर्मर सर्टिफाइड आहे. वरचं मॉडेल डबल ए आहे, त्याचं लेबल आत असतं." एवढंच. हे एक वाक्य मिळायला इतकी मारामारी! मला त्या मुलाला भेटून चहा पाजावासा वाटला.

आता इथे माझं मत सांगते, पटलं तर घ्या. सर्टिफिकेट नसलेलं प्रत्येक जॅकेट टाकाऊ असतं असं मी म्हणत नाही. टेस्टिंगला पैसे लागतात, प्रत्येक मॉडेलला करायचं तर छोट्या कंपनीला परवडत नसेल. नसेल तर नाही म्हणा ना, "आम्ही आर्मर सर्टिफाइड वापरतो, कापड चांगलं आहे, पण जॅकेटची टेस्ट नाही," असं सरळ सांगितलं असतं तर कदाचित मी तेच घेतलं असतं. पॅडचा शिक्का पुढे करून अख्ख्या जॅकेटचा म्हणून खपवायचा, याचा राग आहे.

त्यात अजून एक भाषा ते दुकानात फेकतात, "सिक्स हंड्रेड डी आहे मॅडम." डी म्हणजे डेनियर, ९००० मीटर धाग्याचं वजन ग्रॅममध्ये. म्हणजे धागा किती जाड एवढंच कळलं. तो पॉलिएस्टर आहे की नायलॉन, विणला कसा, शिवला कसा, ते त्यात नाही. कॉर्ड्युरा (मजबूत कापडाचा एक ब्रँड) लिहिलेलं असलं तर चांगलंच, पण कुठे आहे ते विचारा, पुष्कळदा फक्त खांद्याला-कोपराला पट्टा असतो आणि बाकी साधं.

फोन झाल्यावर मी शहाणपणा केला तो असा की दुकानांत चकरा मारायच्या बंद केल्या. व्हॉट्सॅपवर तीन-चार दुकानांना एकच मेसेज, आतल्या लेबलचा फोटो पाठवा, आर्मरचा नको, जॅकेटचा. ज्यांनी कोपराचा पॅड पाठवला ते बाद. ज्यांनी टॅगवरचं पुठ्ठ्याचं कार्ड पाठवलं ते पण बाद, कार्डावर काय वाट्टेल ते छापतात. ठाण्याच्या एका छोट्या दुकानातल्या काकांनी बरोबर फोटो पाठवला, आतल्या खिशाच्या कडेला शिवलेली पांढरी गुळगुळीत पट्टी, त्यावर चौकटीत बाईकवरच्या माणसाचं छोटं चित्र, खाली एए, शेजारी ईएन १७०९२-३:२०२० आणि उघड्या पुस्तकाचं चित्र ज्यात आय लिहिलेला असतो, म्हणजे सूचना वाचा. डबल ए ला स्टँडर्डचा भाग ३ असतो, ट्रिपल ए ला २ आणि ए ला ४, हे लक्षात ठेवलं तर अक्षर पुसट असलं तरी कळतं. खरं सांगते, त्या पट्टीचा फोटो मी नवऱ्याला फॉरवर्ड केला. त्याने अंगठा पाठवला.

ठाण्याच्या काकांकडे ट्रायल मात्र मस्त झाली. त्यांनी स्वतःच सांगितलं, उभं राहून आरशात बघू नका, बसून बघा. दुकानात बाईक नव्हती, प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले, हात पुढे करून काउंटरची कड हँडलसारखी धरली. उभं राहिल्यावर बाही मनगटापर्यंत नीट असते आणि हात पुढे केले की दोन बोटं वर सरकते, हे तिथे कळतं. मग काकांनी कोपराचा पॅड बाहेरून धरून गोल फिरवून बघितला. फिरला तर पडताना पण फिरणार आणि कोपर उघडं पडणार. युनिसेक्स एममध्ये तो सहज फिरत होता, शिवाय खांद्याचा पॅड खांद्यावरून खाली दंडावर लोंबत होता. लेडीज कटमध्ये जागेवर बसला. मुलींनो, दुकानदार म्हणेल की युनिसेक्स एस घ्या, होईल फिट, तर छातीला आवळणार आणि खांद्याला ढगळ राहणार. लेडीज कट ठेवत नसतील तर दुसरीकडे जा, उन्हाळ्यात आत टीशर्ट, थंडीत लायनर म्हणजे आतलं काढता येणारं अस्तर, दोन्ही घालून बघा. दंडाला आणि कोपराखाली आवळायचे पट्टे असतील तर ते नुसते शोभेचे नाहीत, पॅड जागेवर ठेवायला असतात, वापरा.

आणि हो, पाठ! हे राहतच होतं. बहुतेक जॅकेटांत पाठीला जे येतं तो फोमचा तुकडा असतो, पिकनिकच्या चटईचा कापल्यासारखा हलका. डबल ए च्या जॅकेटमध्ये पण असू शकतो, कारण खांदा-कोपराचे पॅड लागतात पण पाठीचा प्रोटेक्टर त्या स्टँडर्डमध्ये सक्तीचा नाही. माझ्यात तेच निघालं. काढून बघितलं, कुठेही शिक्का नाही. वेगळा ईएन १६२१-२ चा लेव्हल टू घेतला, त्याचे अडीच-तीन हजार वेगळे धरून चाला. घेण्याआधी जॅकेटच्या पाठीच्या खिशाची लांबी-रुंदी मोजून न्या, सगळे पॅड सगळ्या खिशात बसत नाहीत. पॅडवर एफबी असेल तर पूर्ण पाठ, सीबी असेल तर फक्त मधली पट्टी, हेही बघून घ्या.

पहिली राइड कसाऱ्याची. माजिवड्याला आणि भिवंडी बायपासला जो काय ट्रॅफिक असतो तिथे उभ्या उभ्या घामाची अंघोळ झाली, मेश-बिश काही नाही, गाडी थांबली की सगळी जॅकेटं सारखीच. शहापूर सोडलं, वारा लागला, मग बरं वाटलं. पावसाचा लायनर जॅकेटच्या आत घालायचा असतो, त्यात एक गोष्ट आधी कुणी सांगत नाही. लायनर आत असला की आपण कोरडे राहतो पण बाहेरचं कापड पूर्ण भिजतं, जड होतं, आणि इगतपुरीच्या धुक्यात ते ओलं गार ओझं अंगावर. शिवाय तो घालायला भर पावसात जॅकेट काढावं लागतं. मी आता साधा पावसाळी कोटच वरून घालते, आतला लायनर कपाटात. पावसाळी कोट भडक पिवळा घेतलाय, घाटात ट्रकवाल्याला दिसायला हवा. जॅकेट फिक्या राखाडीत घेतलं तेही त्यासाठीच, आणि काळं उन्हात तापतं.

कमरेला मागे जी चेन असते ना, पॅन्टला जोडायची, ती पण बघा. जॅकेट घसरताना वर सरकू नये म्हणून ती असते. पॅन्ट अजून घेतली नाहीये, घेईन तेव्हा त्याच कंपनीची घ्यावी लागेल कारण दुसऱ्याची चेन जुळेलच असं नाही, आणि हे कळलं तेव्हा पुन्हा लेबल शोधायची वेळ येणार म्हणून आत्ताच कपाळाला आठ्या पडल्यात.

धुताना आधी सगळे पॅड काढा, मग गार पाण्यात हाताने, साधा सौम्य साबण, कम्फर्ट वगैरे अजिबात नको, इस्त्री नको. पॅड परत घालताना डावा-उजवा बघा. आईने पहिल्या धुण्याला खांद्याचे कोपरात घातले होते.